द्वीपांतर

द्वीपांतर म्हणजे एक द्वीप सोडून दुसऱ्या द्वीपावर जाणे, किंवा ते दुसरे द्वीपच. आजच्या मराठीत द्वीप म्हणजे बेट, म्हणून हा शब्द कानी पडताच अंदमान-निकोबारसारखी समुद्रातली लहान जमीन डोळ्यांपुढे येते. पुराणांच्या भूगोलात मात्र द्वीप हा पृथ्वीचा सर्वांत मोठा भाग होता. जंबु, प्लक्ष, शाल्मली, कुश, क्रौंच, शाक आणि पुष्कर अशी सात द्वीपे एकाभोवती एक वलयासारखी मांडलेली आणि प्रत्येकाला वेढणारा वेगळा समुद्र: खाऱ्या पाण्याचा, उसाच्या रसाचा, मद्याचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा आणि गोड्या पाण्याचा. जंबुद्वीपाच्या पोटात वर्षे, त्यांतले एक भारतवर्ष, आणि वर्षाच्या पोटात खंड. म्हणजे खंड हा द्वीपाच्या भागाचाही भाग होता. एकोणिसाव्या शतकात शाळांसाठी नवे भूगोल लिहिले गेले तेव्हा हे माप उलटे झाले. आशिया, युरोप, आफ्रिका यांना ‘खंड’ हे नाव मिळाले आणि द्वीप आकसून बेटाएवढे उरले. ‘द्वीपकल्प’ हा त्या काळी रुळलेला शब्दही द्वीप म्हणजे बेट हाच अर्थ धरून चालतो. जुन्या मापाने पाहिले तर एका खंडातून दुसऱ्या खंडात जाण्याला या भाषेत असलेला सर्वांत जुना शब्द द्वीपांतर हाच आहे.

संस्कृत साहित्यात हा शब्द भीतीचा नव्हता, व्यापाराचा होता. कालिदासाच्या ‘रघुवंशा’तील इंदुमतीच्या स्वयंवरात कलिंगाच्या किनाऱ्यावरचा वारा द्वीपांतराहून लवंगांची फुले आणतो. लवंग त्या काळी मोलुक्का बेटांतच होत असे, त्यामुळे इथले द्वीपांतर म्हणजे जावा-सुमात्रापलीकडचा पूर्वेचा प्रदेश, हे उघड आहे. पुढे त्या सगळ्या द्वीपसमूहालाच द्वीपांतर म्हटले जाऊ लागले. तिथून माल येई, माणसे येत, आणि इथून माणसे तिथे जात.

आयुर्वेदात हा शब्द आजतागायत जिवंत आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ ग्रंथात दोन नवी नावे एकत्र भेटतात. एक रोगाचे, फिरंगरोग. दुसरे त्यावरच्या औषधाचे, द्वीपांतर वचा. फिरंग्यांबरोबर आलेला हा उपदंशाचा रोग इथल्या वैद्यांना अपरिचित होता आणि त्यावर चालणारी चोपचिनी ही मुळीही परदेशी होती. ती चीनकडून पोर्तुगीज गलबतांतून येई. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात या चिनी मुळीवर स्वतंत्र प्रकरण आहे. वेखंडाला वचा म्हणतात; चोपचिनी वेखंडासारखी दिसते म्हणून ती दुसऱ्या द्वीपावरची वचा. रोग समुद्रावरून आला, औषधही समुद्रावरून आले, आणि शास्त्राने दोघांनाही त्यांच्या वाटेची खूण राखून नाव दिले. परक्या वस्तूला आपल्या निघंटूत, म्हणजे औषधींच्या कोशात, इतक्या मोकळेपणाने जागा देणारी ही वृत्ती पुढे येणाऱ्या समुद्रप्रवासाच्या निषेधाशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. हे निघंटू पुढे मुंबईजवळच्या पनवेलला औषधांच्या कारखान्याच्या कामी आले. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये पनवेल येथे आयुर्वेदीय औषधांच्या निर्मितीचा उद्योग सुरू केला. राजापूरजवळच्या शिवमंदिरामुळे कोकणात परिचित असलेले धूतपापेश्वर हे नाव त्याला मिळाले, आणि घराघरांत कुटले जाणारे औषध बाटलीत व पुडीत बांधून दूरवर जाऊ लागले. गोव्यात परदेशी मुळ्या उतरत त्या काळी पनवेलही असेच एक बंदर होते.

पनवेल गाढी नदीच्या मुखाशी, मुंबईच्या बंदराला मिळणाऱ्या खाडीवर वसले आहे. युरोपशी व्यापार असलेले बंदर म्हणून १५७० सालचा त्याचा उल्लेख गॅझेटिअरमध्ये आढळतो. पण या गावाचे खरे महत्त्व थेट परदेशी व्यापारापेक्षा वाटेमुळे वाढले. मुंबई हे बेट होते. तिथे उतरलेल्या माणसाला पुण्याला जायचे तर मचव्यात किंवा पडावात बसून, भरती साधून, खाडीतून पनवेलच्या धक्क्याला लागावे लागे. ओहोटी लागली की गाळात नाव अडे आणि पुढच्या भरतीपर्यंत थांबावे लागे. धक्क्यावरून पालखी, घोडा किंवा बैलगाडी करून खोपोली, तिथून बोरघाट आणि मग देश. लॉर्ड व्हॅलेंशिया १८०४ मध्ये आणि मारिया ग्रॅहम १८०९ मध्ये पुण्याकडे गेले ते याच वाटेने. विलायतेहून आलेल्या कित्येक माणसांचा मुंबई बेटाबाहेर पहिला पाय पनवेलच्या मातीत पडला आहे.

१८३० साली या वाटेची दोन्ही टोके बदलली. मुंबई सरकारने बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघाली आणि सुमारे महिनाभराने सुएझला पोहोचली. आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या शिडाच्या जहाजांना इंग्लंड गाठायला लागणारे महिने त्यामुळे कमी होण्याची आशा निर्माण झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला. आता टपाल आणि माल आगबोटीतून मुंबईत, मचव्यातून पनवेलला आणि चाकाच्या गाडीतून थेट पुण्यापर्यंत जाऊ लागला. पनवेलचा सर्वांत नावाजलेला धंदा या रस्त्याने उभा केला. गाडीची चाके करणाऱ्या सुतार-लोहारांचे हे गाव झाले आणि घाटावरून आलेला गाडीवान परतताना इथून चाकांची एक जोडी घेऊन जाई, अशी नोंद गॅझेटिअरकारांनी केली आहे. घाटाच्या खडकाळ उतारावर चाकांचे काय होत असेल हे लक्षात घेतले म्हणजे या धंद्याचे कारण कळते. नगरपालिका पनवेलला १८५२ मध्येच मिळाली. मग १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. ती कल्याण-कर्जतवरून गेली आणि पनवेल बाजूला पडले. भात, मीठ आणि आसपासच्या खेड्यांचा बाजार एवढाच त्याचा व्यापार उरला, आणि पुण्याला जाणाऱ्या परदेशी पाहुण्याची वाट पाहणे धक्क्याने सोडून दिले.

या बंदरावरच्या माणसांच्या तोंडी द्वीपांतर नव्हते. ते ‘विलायत’ म्हणत. मूळ अरबी शब्दाचा अर्थ प्रांत. फारसीच्या द्वारे तो इथे आला तेव्हा मोगल दरबारातले सरदार आपल्या इराण-तुराणच्या मायभूमीला विलायत म्हणत. इंग्रज राज्यकर्ते झाले तशी विलायतही पश्चिमेकडे सरकली आणि अखेर इंग्लंडशी एकरूप झाली. तरी त्याचे विशेषण बरेच सैल राहिले. विलायती चिंच मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेची. इंग्लंडच्या थंडीत ती उगवणार नाही. परका आणि समुद्रावरून आलेला, एवढाच ‘विलायती’चा अर्थ लोकांनी धरला होता.

समुद्र ओलांडण्यावरचा निषेध वेगळ्या ठिकाणी लिहिलेला होता. बौधायन धर्मसूत्रात समुद्रसंयान हे उत्तरेकडच्या लोकांच्या खास आचारांपैकी एक म्हणून येते. याचा अर्थ असा की ते घडत होते आणि सूत्रकाराला ते ठाऊक होते. तरीही पतनीय कर्मांच्या यादीत त्याने ते घातले आणि त्यावर प्रायश्चित्त सांगितले. मनुस्मृतीत समुद्रयायी ब्राह्मणाला श्राद्धाला बोलावू नये अशांच्या रांगेत बसवले आहे. पुढे कलिवर्ज्यांच्या याद्या तयार झाल्या, म्हणजे पूर्वी चालत असलेल्या पण कलियुगात टाकायच्या गोष्टींच्या. त्यांत निषेध अधिक कडक झाला: नावेतून समुद्र ओलांडलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले तरी त्याच्याशी व्यवहार करू नये. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या निबंधग्रंथात, म्हणजे धर्मवचनांच्या संकलनात, ही वर्ज्ये नोंदलेली आहेत. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आणि महाराष्ट्रातल्या भिक्षुकांच्या रोजच्या वापरात राहिलेल्या ‘धर्मसिंधू’तही कलिवर्ज्यांचे प्रकरण आहे.

या वचनांचा रोख द्विजांवर होता, हे विसरले की कोकणाचा इतिहास चुकीचा वाचला जातो. कोळी, खारवी, भंडारी, दालदी आणि कोकणी मुसलमान यांचे जगणेच समुद्रावर होते. सारंग, तांडेल आणि खलाशी म्हणून कोकणातली माणसे अरबस्तान, आफ्रिका आणि पुढे इंग्रज कंपन्यांच्या आगबोटींवर थेट लंडनपर्यंत गेली. एकोणिसाव्या शतकात करारावर बांधलेले मराठी मजूर मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत पोहोचले. त्यांच्या वंशजांनी तिथे मराठी नाव, गणपती आणि भजन आजवर टिकवले आहे. या हजारो लोकांच्या जाण्याला कोणी पाप म्हटले नाही, कारण त्याची नोंद घ्यावी असेच निबंधकारांना वाटले नाही. निषेधाचा इतिहास लिहिताना पोथ्यांत आलेले मूठभर प्रवासी दिसतात आणि पोथ्यांबाहेरचे बहुसंख्य सुटतात. ग्रंथांचा आधार घेणाऱ्या अभ्यासाची ही मोठी उणीव आहे.

ज्यांना निषेध लागू होता त्यांनीही तो अनेकदा ओलांडला. रघुनाथराव पेशव्यांनी इंग्रज सरकारकडे आपली बाजू मांडण्यासाठी १७८१ मध्ये हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील लंडनला पाठवला. त्याच्यासोबत मणियार हा पारशी होता. संसदपटू एडमंड बर्क यांनी या पाहुण्यांना आपल्या घरी ठेवून घेतले आणि त्यांच्या सोवळ्याची सोय करून दिली. परतल्यावर शुद्धीसाठी सोन्याच्या योनीतून पार व्हावे लागल्याची हकीकत त्या काळच्या इंग्रजी लेखनात आली आहे. पुन्हा जन्म घेतल्याशिवाय द्वीपांतर केलेला माणूस पूर्वीचा होत नाही, अशी त्या विधीमागची कल्पना. साताऱ्याच्या पदच्युत छत्रपती प्रतापसिंहांसाठी रंगो बापूजी गुप्ते यांनी १८४० ते १८५३ या काळात लंडनमध्ये राहून दाद मागितली. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासातून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्सला वारले. तिथल्या अधिकाऱ्यांनी अडचणी बाजूला सारून अर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर दहनाला परवानगी दिली. त्या जागी त्यांची छत्री आहे, आणि जवळच्या पुलाला फ्लोरेन्सचे लोक ‘इंडियानो’चा पूल म्हणतात.

सक्तीने घडवलेल्या द्वीपांतराला मराठीत ‘काळे पाणी’ हे नाव रुळले. बंगालीत त्याच शिक्षेला द्वीपांतर म्हणतात. मराठीने संस्कृत शब्द बाजूला ठेवून खोल समुद्राच्या काळसर पाण्याचे नाव घेतले. इंग्रजांनी या शिक्षेची निवड विचारपूर्वक केली होती. तुरुंगाच्या भिंतींपेक्षा समुद्र ओलांडल्याने जात जाईल ही भीती कैद्याला आणि त्याच्या गावाला अधिक बसेल, असा त्यांचा हिशेब होता. शास्त्रातला निषेध अशा रीतीने परक्या सरकारच्या दंडविधानात कामाला लागला. मुंबई इलाख्यातले कैदी आधी मॉरिशसला, पुढे सिंगापूर आणि मलाक्काकडे गेले. १८५८ पासून अंदमान हे मुख्य ठिकाण झाले. उलट दिशेचीही वाहतूक होती. पूर्वेकडचे चिनी कैदी महाबळेश्वरला आणले गेले आणि तिथल्या भाजीपाल्याच्या मळ्यांत त्यांनी काम केले. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत रत्नागिरीत बंदिवासात राहिला. त्याच्या दृष्टीने कोकणचा किनारा हेच द्वीपांतर होते.

पनवेलजवळच्या शिरढोणला ४ नोव्हेंबर १८४५ रोजी जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडके यांची कथा या शिक्षेची सर्वांत ठळक मराठी कथा आहे. त्यांचे आजोबा शिरढोणच्या माथ्यावरच्या कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते. फडके पुण्याला लष्करी हिशेबखात्यात कारकुनी करत. १८७६-७७ च्या दुष्काळात देशावर हिंडताना त्यांनी पाहिलेल्या हालांनी त्यांना बंडाकडे नेले. रामोशी, कोळी आणि इतर समाजांतील माणसे जमवून त्यांनी १८७९ च्या फेब्रुवारीत धामारीपासून धाडी घालायला सुरुवात केली. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचा साथीदार दौलतराव नाईक याच्या टोळीने पनवेलच्या वेशीवरचे पळस्पे आणि जवळचे चिखली ही गावे लुटली. जुलैत फडके विजापूरच्या बाजूला देवर नावडगी येथे पकडले गेले. पुण्यात त्यांच्यावर खटला चालला, सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांनी त्यांची बाजू मांडली आणि त्यांना जन्मठेपेची, समुद्रपार पाठवण्याची शिक्षा झाली.

सरकारने त्यांना अंदमानला पाठवले नाही. जानेवारी १८८० मध्ये ते एडनला रवाना झाले. एडन १८३९ मध्ये इंग्रजांनी जिंकले आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चाले. त्यामुळे समुद्र ओलांडून दूर अरबस्तानात नेलेला हा कैदी कागदोपत्री इलाख्याबाहेर गेलाच नाही. आजच्या नकाशाप्रमाणे तर त्यांनी आशिया खंडही सोडला नव्हता. तरी शिरढोणच्या घराला आणि पुण्याच्या लोकांना ते कायमचे हरवले. तिथल्या तुरुंगातून निसटण्याचा त्यांनी प्रयत्न केला, पण वाळवंटात ते पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनलाच त्यांचा मृत्यू झाला. द्वीपांतर मैलांवर मोजता येत नाही आणि खंडांच्या रेषांवरही नाही, हे त्यांच्या शिक्षेइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. परतण्याची वाट कोणाच्या हातात आहे, यावर ते ठरते.

फडके गेले त्याच्या बरोबर एका आठवड्याने, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, बंगालमध्ये सेरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाई जोशी यांनी आपण अमेरिकेला का जात आहोत हे जाहीर भाषणात सांगितले. त्या १७ वर्षांच्या होत्या, कल्याणच्या. जातीबाहेर टाकले जाण्याचा प्रश्न त्यांनी टाळला नाही. आपला आचार आणि आहार बदलणार नसेल तर बहिष्काराचे कारणच काय, असे त्यांनी विचारले. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. झालेल्या आनंदीबाई त्याच वर्षाअखेरीस परतल्या. तोवर क्षयाने त्यांना पोखरले होते. पुण्यात बहिष्काराऐवजी मोठमोठी माणसे त्यांच्या समाचाराला आली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. पंडिता रमाबाई याही १८८३ मध्येच इंग्लंडला गेल्या. तिथून त्यांनी पाठवलेला मजकूर ‘इंग्लंडचा प्रवास’ या नावाने छापला गेला, आणि १८८९ मध्ये अमेरिकेवरचे त्यांचे मोठे पुस्तक आले. स्त्रीने स्वतःच्या इच्छेने केलेल्या समुद्रप्रवासाला निबंधग्रंथांत नावच नव्हते. ज्या स्त्रियांनी तो केला त्यांनीच त्याचे वर्णन करणारे गद्यही लिहिले.

यानंतर निषेध वेगाने ढिला पडत गेला. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड १८८७ पासून वारंवार युरोपला जाऊ लागले आणि संस्थानातल्या हुशार मुलांना परदेशी शिकायला पाठवू लागले. त्यांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शास्त्राने द्विजाला समुद्रापलीकडे जात जाईल म्हणून धमकावले होते. ज्याला जातीने माणूसच मानले नाही त्याला त्या पलीकडच्या भूमीवर प्रथमच बरोबरीने बसता आले. द्वीपांतराच्या मराठी इतिहासातली ही सर्वांत मोठी उलथापालथ आहे. दंडविधानातली समुद्रपार पाठवण्याची शिक्षा १९५५ च्या कायद्याने काढली गेली आणि १ जानेवारी १९५६ पासून तिच्या जागी जन्मठेप आली. ‘काळे पाणी’ तेव्हापासून अंदमानच्या सेल्युलर जेलच्या आठवणीपुरते उरले, आणि मराठी माणसाच्या मनात ते मुख्यतः सावरकरांच्या लेखनामुळे टिकले.

पनवेलमध्ये आणखी एक समाज होता, ज्याच्या लेखी समुद्र ओलांडणे म्हणजे जाणे नव्हते. बेने इस्रायल कोकणात फार पूर्वीपासून आहेत. अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर अशी त्यांची आडनावे गावांवरून पडली. पुढे त्यांतले पुष्कळजण मुंबईच्या फौजेत शिरले. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनास्थळ बांधले. पनवेलचे ‘बेथ एल’ सिनेगॉग १८४९ चे. एलियाहू हनाबीच्या नावाने होणाऱ्या मलिद्याच्या विधीत गूळ-खोबरे घातलेले पोहे आणि फळे असतात, आणि त्यातले बोलणे मराठी असते. वल्हांडणाच्या सणाची हग्गादा ही पोथी १८४६ मध्ये मुंबईत मराठी अनुवादासह छापली गेली होती.

१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र झाले आणि पुढच्या दशकांत हा समाज मोठ्या संख्येने तिकडे गेला. या प्रवासाला हिब्रूत ‘अलिया’ म्हणतात. त्याचा अर्थ चढणे, वर जाणे. द्वीपांतरात मागे टाकलेल्या भूमीकडे तोंड असते, अलियात पुढच्या भूमीकडे. पण वर चढून गेलेल्यांचे स्वागत सुरुवातीला नीट झाले नाही. त्यांच्या यहुदीपणावरच तिथल्या धर्मपीठाने शंका घेतली आणि विवाह अडवले. अनेक वर्षे आंदोलने चालली. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांना सर्व बाबतींत समान यहुदी मानावे असा ठराव केला. हणमंतरावाला परतताना शुद्ध व्हावे लागले होते, बेने इस्रायलांना पोहोचताना शुद्ध असल्याचे सिद्ध करावे लागले. दिमोना, अश्दोद, लोद, बेर्शेबा या गावांत आज मराठी बोलणारी वृद्ध मंडळी भेटतात, आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तिथून निघत आले आहे. पनवेलचे सिनेगॉग उभे आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात पाणी आत शिरून तिथल्या तोरा-गुंडाळ्यांची हानी झाली. उरलेल्या थोड्या कुटुंबांनी ते पुन्हा सावरले.

गेल्या पन्नास वर्षांत मराठीत या सगळ्या क्रियेसाठी नव्या शब्दांची रांग लागली. नोकरीसाठी गेलेला माणूस परदेशी जातो, कुटुंब स्थायिक होते, वस्तू आयात होते, विमान आंतरराष्ट्रीय असते. ‘आंतरखंडीय’ हा अगदी शब्दशः जुळणारा शब्द वर्तमानपत्रांत दिसतो तो मुख्यतः क्षेपणास्त्रांच्या बातम्यांत. माणसांच्या प्रवासाला तो कोणी लावत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण त्या शब्दाला प्रवाशाचे घर माहीत नाही. जुन्या शब्दाला मात्र अनपेक्षित ठिकाणी काम मिळाले. उत्तर अमेरिकेत गणेशपूजा किंवा लग्न लावताना पुरोहिताला संकल्पात स्थळ सांगावे लागते. भारतात तिथे जंबुद्वीप येते. अमेरिकेतले काही पुरोहित त्या जागी क्रौंचद्वीप म्हणतात. १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली एकत्र येणाऱ्या तिथल्या मराठी कुटुंबांच्या घरी अशा पूजा नेहमी होतात. ज्या परंपरेने द्वीपांतराबद्दल यजमानाला पंक्तीतून उठवले असते, तिचाच मंत्र आता त्याचे नवे द्वीप नावाने उच्चारून कर्म चालू करतो.

पनवेलला पुन्हा वाटेवर आणणारा बदलही याच काळातला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, पनवेलपासून कन्याकुमारीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ आणि १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे यांनी रेल्वेने १८६३ मध्ये हिरावलेले स्थान परत दिले. शेजारी उरण तालुक्यात १९८९ मध्ये न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले आणि पेट्यांतला माल पुन्हा या किनाऱ्यावरून जगभर जाऊ लागला. खाडीच्या काठी उलवे टेकडी कापून आणि उलवे नदीचा प्रवाह वळवून नवी मुंबईचे विमानतळ उभे राहिले. त्यासाठी चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे अशा दहा गावांतील आगरी-कोळी कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्यांच्यापैकी अनेकांची शेती, मिठागरे आणि मासेमारीची खाजणे याच भरावाखाली गेली. काही किलोमीटरच्या अंतरावर झालेल्या या हलण्याला सरकारी कागदात पुनर्वसन म्हणतात. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या भूसंपादनाविरुद्ध शेतकऱ्यांचा लढा उभारणारे, जानेवारी १९८४ मध्ये पाच माणसांचे बळी गेलेल्या जासईच्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव या विमानतळाला देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला, ही त्या लढ्याची उशिराने घेतलेली दखल आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून उड्डाणे सुरू झाली. पहिली उड्डाणे देशांतर्गत होती.